‘ओटीत लागतं काहीतरी’ असं मुलांना सांगू नका: नाशिक जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य आणि विज्ञान शाखेचे सर्व शिक्षक,

सर, मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी दिंडोरी तालुक्यातली. बारावी सायन्स तुमच्यापैकीच एका कॉलेजातून केलं. गेली बारा वर्षं नाशिकमध्ये ॲनेस्थेशिया, म्हणजे भुलीच्या विभागातली टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे. हे पत्र लिहायला बसले ते पेठकडच्या एका मुलीमुळे.

जूनमध्ये ती आईला घेऊन मला शोधत हॉस्पिटलात आली. सकाळची ऑपरेशनची लिस्ट संपायला अडीच वाजले, तोवर दोघी ओटीबाहेरच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून होत्या. मुलीच्या हातात एका संस्थेचं गुळगुळीत माहितीपत्रक. एका वर्षात ‘ॲनेस्थेशिया असिस्टंट’, नोकरीची शंभर टक्के हमी, फी हप्त्याने. मुलीला फिजिक्समध्ये चांगले मार्क होते, मेडिकलच्या नीट परीक्षेचे मात्र पुरले नव्हते. ती म्हणाली, “ताई, आमचे सर म्हणाले, नीट नाही झालं तर पॅरामेडिकल कर, ओटीत लागतं काहीतरी.” आणि तिच्या आईने विचारलं, “पण ही करणार काय तिथं? माणसाला भूल द्यायची का?”

आईचा प्रश्न अगदी नेमका होता, आणि निकाल लागल्यापासून त्याचं उत्तर त्या दोघींना कुणीच दिलेलं नव्हतं. पेठची एसटी गाठायची म्हणून त्या उठेपर्यंत मी तासभर त्यांच्याशी बोलले. नंतर मनात आलं, माझ्यापर्यंत अशी एखादीच पोहोचते, तुमच्यासमोर मात्र शे-दीडशे बसलेल्या असतात. म्हणून तिला जे घाईघाईत सांगितलं ते तुम्हाला जरा सावकाश सांगते.

“ओटीत लागतं काहीतरी” हे तुम्ही मुलांच्या काळजीपोटीच म्हणता. माझ्या सरांनीही मला जवळपास हेच सांगितलं होतं आणि त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पण त्या ‘काहीतरी’मुळे मुलं हे काम उरलंसुरलं समजून येतात. आणि त्याच ‘काहीतरी’च्या जोरावर असली माहितीपत्रकं खपतात.

भूल देतात ते भूलतज्ज्ञ डॉक्टर. एमबीबीएसनंतर भूलशास्त्रात एम.डी., डी.ए. किंवा डी.एन.बी. केलेले. कोणतं औषध, किती, केव्हा, कमरेतून भूल द्यायची की पूर्ण, हे सगळं ते ठरवतात. आमचं काम ते ओटीत पाऊल टाकायच्या आधी सुरू होतं आणि पेशंट ऑपरेशननंतरच्या रिकव्हरी खोलीत डोळे उघडून स्वतःचं नाव सांगेपर्यंत चालू असतं. सकाळी सव्वासातला मी मशीन सुरू करते. पाइपलाइनचा दाब बघते, मागचे राखीव सिलेंडर एकेक उघडून त्यांचा दाबाचा काटा बघते आणि परत बंद करते. सर्किट, म्हणजे पेशंटला श्वास पोहोचवणाऱ्या नळ्या लावून, त्यांचं तोंड बंद करून दाब भरते आणि तो टिकतो का, कुठे गळती आहे का, हे पाहते. भुलीच्या औषधाची वाफ करणाऱ्या व्हेपोरायझरमध्ये औषध किती आहे, घशातला स्राव खेचणारं सक्शन ओढतंय का, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा पांढराशुभ्र लागतोय की पिवळट, हे बघते. श्वासनलिकेत घालायची ट्यूब ठरलेल्या मापाची एक आणि त्याहून लहान दोन. लिस्टमध्ये लहान मूल असेल तर त्याचं सर्किट, मास्क, ब्लेड, ट्यूब सगळं वेगळं मांडते. मग मॉनिटर, मग इमर्जन्सीच्या औषधांचा ट्रे. पहिला पेशंट टेबलवर येईपर्यंत पाऊण तास यात जातो. हा पाऊण तास कुणाला दिसत नाही.

आता तुमच्या विषयाकडे येते, कारण खरं तर मला याबद्दलच बोलायचं आहे.

अकरावी-बारावीला तुम्ही जे फिजिक्स-केमिस्ट्री शिकवता, ते माझ्या हाताखालून रोज जातं. बॉइलचा नियम घ्या, तापमान तेच असताना दाब वाढेल तसं वायूचं आकारमान घटतं. आमच्या भुलीच्या मशीनला आजही सगळे ‘बॉइल्स मशीन’ म्हणतात. विद्यार्थी असताना मला वाटायचं, तो हाच बॉइल. पुढे कळलं की हे हेन्री बॉइल, लंडनचे भूलतज्ज्ञ, त्यांनी १९१७ साली हे यंत्र आणलं. नियमवाले रॉबर्ट बॉइल त्यांच्या अडीचशे वर्षं आधीचे. पण नियम मात्र यंत्राच्या पाठीमागे लटकलेलाच असतो. ऑक्सिजनचा बी टाइप सिलेंडर, काळं अंग आणि पांढरा खांदा, पूर्ण भरलेला असेल तर त्यात साधारण १,५०० लिटर वायू मावतो. काटा अर्ध्यावर आला म्हणजे वायू अर्धा उरला. मिनिटाला १० लिटर लागत असेल तर भरलेला सिलेंडर अडीच तास पुरेल, अर्धा असेल तर सव्वा तास. हे गणित तोंडावर असावं लागतं, कारण रात्री दोन वाजता कॅल्क्युलेटर शोधायला वेळ नसतो.

शेजारच्या निळ्या सिलेंडरला मात्र हे गणित लागू पडत नाही. त्यात नायट्रस ऑक्साइड हा भुलीत वापरायचा वायू असतो. त्याचं क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर कितीही दाब दिला तरी वायूचा द्रव होत नाही ते, साडेछत्तीस अंशांच्या आसपास. म्हणून ओटीच्या थंडाव्यात दाबाखाली तो द्रवरूपात असतो. द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत काटा जागचा फारसा हलत नाही, आणि मग एकदम पडतो. काटा बघून ‘भरलेला आहे’ म्हणाल तर फसाल, तो वजन करूनच कळतो. क्रांतिक तापमान तुम्ही फळ्यावर शिकवलंत तेव्हा मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते कशासाठी असतं हे मला ओटीत समजलं, आणि त्या दिवशी मला तुमची फार आठवण आली.

चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग तर शाळेतला. पेशंटने सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा आमचा सोडा लाइम हेच करतो. रासायनिक क्रियेत उष्णता बाहेर पडते म्हणून चालू केसमध्ये त्याचा डबा हाताला कोमट लागतो. तो संपत आला की रंग बदलतो, कंपनीप्रमाणे गुलाबीचा पांढरा किंवा पांढऱ्याचा जांभळा. पण रात्रभर पडून राहिला तर रंग पुन्हा पहिल्यासारखा दिसू शकतो, आणि सकाळी बघणाऱ्याला तो ताजा वाटतो. म्हणून रंगावर न विसंबता कॅप्नोग्राफची, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राची रेघ बघायची. श्वास आत घेताना ती शून्यावर उतरली पाहिजे. उतरत नसेल तर पेशंट आपलाच सोडलेला वायू परत घेतोय.

बोटाला लावतो तो पल्स ऑक्सिमीटर तर कोविडमध्ये घरोघरी पोहोचला. त्यात ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन प्रकाश असतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन ते कमी-जास्त शोषतं, एवढ्यावर तो आकडा उभा आहे. तुमच्या मुलांना एकदा हे सांगून बघा. बोटावरच्या त्या चिमट्याकडे ती पुढच्या वेळी निराळ्या नजरेने बघतील.

मुद्दा असा, की यंत्र का चालतं हे समजणाऱ्याला ते का बिघडलं हेही लवकर समजतं. एकदा पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये भिंतीतल्या पाइपलाइनचा दाब उतरू लागला आणि मशीनचा अलार्म झाला. मी मागचा राखीव सिलेंडर उघडला. सकाळी त्याचा काटा बघितलेला होता, म्हणून उघडताना हात थरथरला नाही. भूलतज्ज्ञ मॅडमनी वळून फक्त “किती?” विचारलं. मी म्हटलं, “दोन तास आरामात.” सर्जनचं काम क्षणभरही थांबलं नाही. पेशंट तिसऱ्या दिवशी घरी गेला, त्याला यातलं काहीच माहीत नाही.

नाशिककरांना दाब उतरणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ ला आपल्याच शहरात महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठ्याचा दाब कोसळला आणि वीसहून जास्त माणसं गेली. मी त्या दिवशी दुसरीकडे ड्यूटीवर होते. बातमी आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी न बोलता आपापल्या वॉर्डातले सिलेंडर पुन्हा मोजले. काहीजण रडत मोजत होते. तेव्हापासून मी कुठल्याही नव्या मुलाला पहिल्या दिवशी ओटीत नेत नाही. आधी सिलेंडर रूममध्ये नेते.

आणखी एक रात्र सांगते. हरसूलकडून रेफर होऊन आलेली बाई, दिवस भरलेले, वाटेत झटके येऊन गेलेले, प्लेटलेट खाली. कमरेतून भूल देणं शक्य नव्हतं. अशा बाईचा चेहरा, जीभ, घसा सगळं सुजलेलं असतं, ट्यूब जायला जागा कमी. मी साडेसहा आणि सहाची ट्यूब काढून ठेवली, बुजी, म्हणजे ट्यूबला वाट दाखवणारी बारीक लवचिक कांडी, उघडून ठेवली, सक्शन चालू करून उशीच्या उजव्या हाताला खोचलं. औषध गेलं. पोटातलं वर घशात येऊ नये म्हणून क्रिकॉइडवर, म्हणजे गळ्याच्या पुढच्या कूर्चेवर दाब धरला होता तो माझ्या उजव्या हाताने. मॅडमनी लॅरिंगोस्कोप घातला, त्यांना जेमतेम काही दिसत होतं. नजर तिथून न काढता त्यांनी उजवा हात मागे केला आणि मी माझ्या डाव्या हाताने बुजी त्यांच्या हातात ठेवली. मागितली नव्हती. त्यावरून सहाची ट्यूब सरकली. मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडचे चौकोनी डोंगर एकामागोमाग एक उमटले, एक, दोन, तीन, चार, पाच, तेव्हा मी श्वास सोडला. थोड्या वेळाने बाळ रडलं.

तो मागे आलेला हात रिकामा राहू नये, हे माझं काम आहे. याला ‘काहीतरी’ म्हणू नका, एवढीच माझी विनंती आहे.

पण सर, मॅडम, कौतुक करून मुलांना इकडे ढकला, असंही मी म्हणत नाही. आधी पूर्ण सांगा, मग ठरवू द्या.

पहिली गोष्ट कोर्सची. २०२१ साली संसदेने राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत भूलशास्त्राशी संबंधित तंत्रज्ञ हा व्यवसाय नावानिशी आहे. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचं आणि किमान दोन वर्षांत पसरलेलं शिक्षण हवं, असं तो कायदा सांगतो. त्यापुढचा वर्ग आरोग्यसेवा व्यावसायिकांचा. त्यासाठी पदवी हवी, किमान ३,६०० तासांची आणि किमान तीन वर्षांची. म्हणजे पेठच्या मुलीच्या हातातलं ते एक वर्षाचं माहितीपत्रक पहिल्याच ओळीत बाद होतं. हे तिला कॉलेजातच कळलं असतं तर तिच्या आईचा अख्खा दिवस आणि एसटीचं भाडं वाचलं असतं. इतर काही घरांची तर वर्षाची फी वाचली असती. माझ्याबरोबर पहिल्या नोकरीत असलेल्या एका मुलाने असाच कोर्स केला होता. हात सफाईदार, कामाला वाघ. पण सरकारी जागा निघाली तेव्हा त्याचं प्रमाणपत्र बाजूला काढून ठेवलं गेलं. त्याच्या वडिलांनी त्या फीसाठी बैलजोडी विकली होती.

मी आरोग्य विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीचा पदवी कोर्स केला. तीन वर्षं आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप, ॲनेस्थेशिया शाखेतून. आता नव्या कायद्याप्रमाणे कोर्सची नावं, अभ्यासक्रम, प्रवेशाची पद्धत बदलत चालली आहे, त्यामुळे माझ्या वेळचं सांगणं पुरेसं नाही. त्या त्या वर्षीचं अधिकृत माहितीपत्रक वाचायला हवं, आणि ते सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला एकटीला समजत नाही. तिच्या शेजारी तुम्ही बसायला हवं. पदवी कोणतं विद्यापीठ देणार, संस्थेला मान्यता कुणाची, राज्याच्या परिषदेकडे नोंदणी होणार का, आणि प्रात्यक्षिकं कुठल्या हॉस्पिटलात, तिथे रोज किती ऑपरेशनं होतात. या शेवटच्या प्रश्नाला जी संस्था गोलमोल उत्तर देते, तिथून उठून यावं. डमीवर ट्यूब घालून कुणी तंत्रज्ञ होत नाही.

एक गोष्ट मला फार सलते. १९९८ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. साऱ्या राज्यातली मुलं त्याच्या पदवीसाठी धडपडतात. पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवणची आपली मुलं मात्र त्या विद्यापीठाच्या एवढ्या जवळ राहून ‘तिथं फक्त डॉक्टर होतात’ एवढंच जाणतात. एखाद्या वर्षी तरी वर्ग घेऊन तिथे जा. त्या इमारतीत आपल्यासाठीही एक दार आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या.

दुसरी गोष्ट पैशाची. लपवण्यासारखं काही नाही. माझा पहिला पगार दहा हजार होता आणि त्यात पंचवटीतल्या खोलीचं भाडं जायचं. लहान नर्सिंग होममध्ये अजूनही पगार कामाच्या मानाने कमीच आहे. मोठ्या हॉस्पिटलात अनुभवाने वाढतो. हृदयशस्त्रक्रिया, लहान मुलांच्या शस्त्रक्रिया, प्रत्यारोपण अशा ठिकाणी शिकलेल्या माणसाला मागणी असते. माझ्या बॅचमधले दोघं आखाती देशात गेले, तिथे लायसन्सची परीक्षा द्यावी लागते आणि कागदपत्रं पक्की लागतात. पुन्हा तेच, मान्यतेचा कोर्स नसेल तर ते दार बंद. रात्रपाळी आहे, ऑन-कॉल आहे. दिवाळीत ड्यूटी लागते. सहा-सहा तास उभं राहावं लागतं. हाडांच्या केसला शिशाचा जड ॲप्रन घालून. हे ऐकून जी मुलगी “चालेल” म्हणेल तिला येऊ द्या.

तिसरी गोष्ट मी सर्वांत ठामपणे सांगते, आणि तुम्हीही तशीच सांगा. आम्ही भूल देत नाही. काही ठिकाणी, विशेषतः जिथे भूलतज्ज्ञ एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात धावत असतात, तिथे नव्या मुलाला म्हणतात, “तू सुरू कर, डॉक्टर येतच आहेत.” मलाही एकदा असं सांगितलं गेलं. मी बावीस-तेवीस वर्षांची, नोकरीला चार महिने झालेले. मी नाही म्हटलं. मॅडम येईपर्यंत केस वीस मिनिटं थांबली, सगळ्यांची बोलणी खाल्ली, घरी जाऊन रडले. महिनाअखेर ती नोकरी सोडावी लागली. आज विचाराल तर त्या नकाराइतकं योग्य मी काहीच केलेलं नाही. पेशंटचा रक्तदाब अचानक पडला, श्वासनलिका आवळली, औषधाची रिॲक्शन आली, तर काय करायचं यासाठी डॉक्टरांनी आयुष्यातली आठ-नऊ वर्षं घातलेली असतात. माझी चार वर्षं त्यांच्या बाजूला उभं राहण्यासाठी आहेत, त्यांच्या जागी उभं राहण्यासाठी नाहीत. ज्या मुलाला डॉक्टरच व्हायचं होतं आणि ती सल मनातून गेलेली नाही, त्याला हे काम जड जाईल. त्याच्याशी आधी बोला. कदाचित त्याने नीट पुन्हा द्यायला हवी.

आणि मुलींच्या पालकांशी बोलताना थोडं माझ्या बाजूनेही बोला. माझं लग्न ठरत होतं तेव्हा पाहुण्यांनी विचारलं होतं, “रात्री कुठं जाते? नर्स आहे का?” वडिलांना नीट सांगता आलं नाही, त्यांनी नुसती मान खाली घातली. नर्स असण्यातही मान खाली घालण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या जागी तेव्हा माझे फिजिक्सचे सर बसले असते तर त्यांनी सांगितलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

सिंहस्थ तोंडावर आला आहे. २०२७ मध्ये या शहरात किती माणसं येतील आणि त्यातली किती अपघात, भाजणं, बाळंतपणं घेऊन आमच्या टेबलवर येतील, ते रामकुंडावरची गर्दी पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. पण आज प्रवेश घेणारी मुलगी तेव्हा अजून शिकतच असेल, त्यामुळे त्या नावाखाली कुणी झटपट कोर्स विकायला आलं तर त्याला कॉलेजच्या फाटकातूनच परत पाठवा.

मी एक करू शकते. महिन्यातला माझा एक शनिवार मोकळा असतो. तुमच्यापैकी जे कॉलेज बोलावेल तिथे मी येईन, सुरगाण्याला आणि नांदगावलाही येईन, गाडीभाडं नको. एक जुनं सर्किट, लॅरिंगोस्कोप, ऑक्सिमीटर आणि मूठभर सोडा लाइम बरोबर आणते. फक्त तास फिजिक्सचा द्या आणि तुम्ही स्वतः वर्गात थांबा, कारण मुलं मला जे विचारतील त्यातले अर्धे प्रश्न तुमच्या विषयाचे असतील.

पेठची ती मुलगी सध्या योग्य कोर्सच्या प्रवेशाची वाट बघते आहे. परवा तिचा फोन आला होता. विचारत होती, “ताई, नायट्रसचा काटा हलत नाही म्हणालात, मग ऑपरेशन चालू असताना सिलेंडरचं वजन कसं करायचं?”

आपली नम्र,
तुमचीच एक माजी विद्यार्थिनी
ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजिस्ट, नाशिक